वडापावच्या गाडीपासून गेटवरच्या पार्सलपर्यंत: फास्ट फूड आणि आपलं बदलतं खाणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फास्ट फूडचा धंदा वाढतोय अशी बातमी आली की ओळखीपाळखीतून दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. पहिला, ‘मग एखादी फ्रँचायझी घेऊन टाकू का?’ दुसरा जरा सुस्कारा टाकून, ‘म्हणजे घरचं जेवण आता संपलंच का?’ मधले प्रश्न फारसे कुणी विचारत नाही, आणि गंमत तर तिथंच आहे. गेली काही वर्षं मी कंपन्यांचे निकाल, सरकारी पाहण्या आणि आमच्या सोसायटीचं गेट या तिन्हींवर सारखंच लक्ष ठेवून आहे. त्यातून जमलेली ही उत्तरं.

फास्ट फूड म्हणजे नक्की काय? वडापाव त्यात धरायचा का?

धरायचा म्हणजे काय, आपल्याकडे सुरुवातच तिथून होते. ऑर्डर दिल्यापासून हातात पडेपर्यंत मिनिटही जात नाही, चमचा-ताटली लागत नाही, चालता चालता खाता येतं. याहून फास्ट काय असणार?

संध्याकाळी सातला डोंबिवली स्टेशनबाहेरच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. एकाचा हात कढईत, झाऱ्यानं घाणा उलटतोय. दुसरा लादीतला पाव तोडतो, अंगठ्यानं मधोमध उघडतो, सुकी लसणाची चटणी बोटानंच फासतो, वडा दाबतो, वर तळलेली मिरची ठेवतो. पैसे घेणारा तिसरा. तो मान वर न करता ‘किती?’ एवढंच विचारतो. कुठल्याही बर्गरवाल्याच्या किचनमध्ये कामाची वाटणी याहून वेगळी नसते. फरक इतकाच की इथं गणवेश नाही आणि बिल नाही.

वडापावची सुरुवात १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असं साधारण मानलं जातं. तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे पाळी संपवून किंवा पाळीवर निघालेला गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि काल गिऱ्हाईक असलेल्यांपैकी कित्येकांनी स्वतःच गाडी टाकली. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले. गोव्यात पहाटे सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आजही त्याची आठवण करून देतो. वडा तेवढा आपला.

मग ‘फास्ट फूडची विक्री इतक्या टक्क्यांनी वाढली’ या आकड्यात वडापावची गाडी असते का?

बहुतेक वेळा नसते. ते आकडे साखळी दुकानांचे असतात: डॉमिनोज चालवणारी जुबिलंट, पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडॉनल्ड्स चालवणारी वेस्टलाइफ, केएफसी आणि पिझ्झा हट चालवणाऱ्या देवयानी आणि सफायर. या कंपन्या शेअर बाजारात आहेत, दर तीन महिन्यांनी हिशेब जाहीर करतात, म्हणून त्यांची बातमी होते. गाडीवाला दिवसाला किती लाद्या संपवतो हे त्याला आणि त्याच्या पाववाल्याला ठाऊक, बस.

त्यामुळे ‘वाढ’ म्हणून जे छापून येतं त्यातला काही भाग केवळ जागा बदलण्याचा असतो. काल नाक्यावर रोख दिलेले पैसे आज मॉलमध्ये बिलावर येतात. भूक तेवढीच, खर्च थोडा जास्त, पण आकड्यांत तो पहिल्यांदा दिसतो. बातमी वाचताना एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मा गोंधळ संपतो.

विक्री वाढतेय, पण कंपन्या ‘मागणी मंद आहे’ असंही म्हणतात. दोन्ही कसं खरं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एकूण विक्री दोन कारणांनी वाढते. एक, आहे त्याच दुकानात जास्त लोक आले किंवा जास्त खाऊ लागले. दोन, नवी दुकानं उघडली. पहिल्या वाढीला धंद्याच्या भाषेत ‘सेम स्टोअर’ वाढ म्हणतात, म्हणजे जुन्या दुकानांतली वाढ. खरी नाडी तिथं लागते.

वेस्टलाइफचं उदाहरण घ्या. २०२२-२३ मध्ये तिची विक्री सुमारे २,२८० कोटी रुपये होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे २,३९० कोटी झाली, म्हणजे जेमतेम पाच टक्के वाढ. त्याच वर्षात दुकानं ३५७ वरून ३९७ वर गेली, म्हणजे अकरा टक्के वाढ. दुकानं अकरा टक्क्यांनी वाढली आणि विक्री पाच टक्क्यांनी, याचा अर्थ सरासरी दुकानाचा गल्ला हलका झाला. जुन्या दुकानांची विक्री त्या वर्षी थोडी घसरलीच होती.

आता त्याच्या आदलं वर्ष बघा. २०२१-२२ मध्ये हीच विक्री सुमारे १,५७५ कोटी होती. तिथून एका वर्षात २,२८० कोटी! कोविडनंतर लोक घराबाहेर पडले होते, दोन वर्षांची हौस एकदम भागवत होते. त्या उसळीला ‘सवय बदलली’ असं म्हणणाऱ्यांनी पुढच्या वर्षी हात चोळले. लग्नाच्या पंगतीत कोण किती जेवलं यावरून कुणाची रोजची भूक मोजू नये.

सगळ्यांचंच असं झालं का?

नाही. जुबिलंटची भारतातली विक्री २०२३-२४ मध्ये सुमारे ५,३४० कोटी होती, ती २०२४-२५ मध्ये ६,१०० कोटींवर गेली. पण वाढ आली कुठून? जवळजवळ सगळी घरपोच मालातून. दुकानात बसून खाणाऱ्यांचा वाटा कमी होत गेला. त्यांनी डिलिव्हरीचे वेगळे पैसे घेणं बंद केलं, वेळ वीस मिनिटांवर आणायचा सपाटा लावला, आणि गिऱ्हाईकानं टेबल सोडून सोफा धरला.

या परदेशी साखळ्या आपल्याकडे आल्या कधी?

केएफसी १९९५ मध्ये बंगळुरूत. तिथल्या शेतकरी संघटनेनं जोरदार विरोध केला, दुकानावर हल्लाही झाला. १९९६ मध्ये डॉमिनोज, पिझ्झा हट आणि मॅकडॉनल्ड्स आले. मॅकडॉनल्ड्सचं पहिलं दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहारात उघडलं, पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. बर्गर किंग बरंच उशिरा, २०१४ मध्ये.

पहिली काही वर्षं तिथं जाणं हा कार्यक्रम असायचा. निकाल लागला, पहिला पगार झाला, पुण्या-मुंबईचे पाहुणे आले, की जायचं. २००४ मध्ये मॅकडॉनल्ड्सनं वीस रुपयांत बर्गर ठेवला तेव्हा कॉलेजची पोरं वाकडी वाट करून तिकडे वळू लागली. परदेशी खाणं रोजच्या खिशात बसलं ते त्या वीस रुपयांमुळे.

आपली चव त्यांनी बदलली की त्यांची आपण?

माझ्या मते सामना आपण जिंकलो, निदान गुणांवर. जगात गोमांसाच्या बर्गरवर उभी राहिलेली कंपनी इथं गोमांस आणि डुकराचं मांस वगळून आली, शाकाहारी स्वयंपाकाची जागा वेगळी केली आणि तिचा सगळ्यात ओळखीचा पदार्थ ठरला आलू टिक्की. म्हणजे पावात बटाटा. दादरवाल्यांना हे १९६६ पासून माहीत होतं. पिझ्झावर पनीर आलं, जैन पिझ्झा आला, शेजवान तर सगळीकडेच.

उलट दिशेनंही माल गेला. २००१ मध्ये मालाडला सुरू झालेल्या जम्बोकिंगनं आणि २००४ मध्ये कल्याणला सुरू झालेल्या गोली वडापावनं साखळी दुकानांची रीत उचलली: एकसारखा वडा, एकसारखं वेष्टण, फ्रँचायझी. लंडनच्या हाउन्स्लोमध्ये २०१० मध्ये दोन मुंबईकर कॉलेजमित्रांनी वडापाव विकायला सुरुवात केली, त्याचीही आता साखळी झाली आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एकसारखा वडा ही कल्पनाच मला पटत नाही. प्रत्येक गाडीची चटणी वेगळी असते म्हणून तर माणूस गाडी बदलत नाही.

कंपन्यांचं सोडा. लोकांच्या खर्चाचे सरकारी आकडे काय म्हणतात?

केंद्र सरकारची घरगुती खर्चाची पाहणी आहे. २०२३-२४ च्या पाहणीत शहरातला माणूस महिन्याला सरासरी ६,९९६ रुपये खर्च करतो, खेड्यातला ४,१२२. त्यातले पेयं, फराळ आणि तयार-प्रक्रिया केलेलं खाणं यावर शहरात ११.०९ टक्के जातात, खेड्यात ९.८४ टक्के. म्हणजे शहरात माणशी महिन्याला पावणेआठशेच्या आसपास, खेड्यात चारशे. चौघांच्या शहरी घराचे महिन्याला तीन हजार झाले.

पंचवीस वर्षांपूर्वी, १९९९-२००० मध्ये, हा वाटा खेड्यात चार टक्क्यांच्या आणि शहरात सहा टक्क्यांच्या आसपास होता. त्याच काळात खेड्यात धान्यावरचा खर्च बावीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या घरात आला. ज्वारी-तांदूळ-गहू पोटभर मिळायला लागल्यावर हातात उरलेला पैसा दूध, फळं, अंडी यांच्याकडे गेला तसा फरसाण आणि बिस्किटाच्या पुड्यांकडेही गेला.

एक सावधगिरी. या रकान्यात टपरीवरचा चहा आहे, वेफर्स आहेत, बिस्किटं आहेत आणि विकतचं जेवणही आहे. त्याला सरसकट ‘पिझ्झा-बर्गरचा खर्च’ म्हणणारे मथळे दिसले की पुढं सरका.

घरी स्वयंपाक करणं खरंच कमी झालंय का?

चूल बंद झालेली नाही. तिच्यावरची कामं एकेक करून बाहेर गेली.

पहिली गेली ती पोळी. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठल्याही मराठी वस्तीत संध्याकाळी पोळीभाजी केंद्रासमोर जी रांग लागते ती बघा. त्यात पंचविशीतली पोरं कमी, कापडी पिशवी घेऊन आलेले पन्नाशीचे गृहस्थ जास्त. ‘आठ पोळ्या, दोन भाकऱ्या, भाजी नको’ हे ठरलेलं वाक्य. भाजी-आमटी घरचीच, पोळी विकतची. मराठी घरातली खाण्याची क्रांती कुठली असं विचारलं तर मी पिझ्झाकडे नाही, या पोळीकडे बोट दाखवीन. मग इडलीचं पीठ पिशवीतून येऊ लागलं. दिवाळीचा फराळ किलोवर घेताना आता कुणाला संकोच वाटत नाही. वीस वर्षांपूर्वी तो डब्यात काढून घरचा म्हणून खपवला जायचा.

यामागं साधा हिशेब आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची रोजची २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये ते आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी नऊ मिनिटं आणखी काढून घेतली! सातच्या लोकलनं जाऊन आठला परत येणाऱ्या बाईनं पोळ्या विकत घेतल्या तर ‘सवयी बिघडल्या’ म्हणून नाक मुरडणाऱ्यानं आधी कणीक मळायला बसावं.

आणि दुसऱ्याच्या हातचं खाणं हे नवंही नाही. गिरणगावात हजारो कामगार खानावळीत जेवायचे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. फरक असा की तेव्हा बाहेर जेवणारा एकटा आलेला पुरुष होता, आज सगळं घर आहे.

लोक सर्वात जास्त मागवतात तरी काय?

बिर्याणी. स्विगीनं २०२४ च्या आपल्या ऑर्डरींचा जो ताळेबंद मांडला त्यात ८ कोटी ३० लाख बिर्याण्या होत्या. दुसऱ्या नंबरवर डोसा, २ कोटी ३० लाख. बर्गर-पिझ्झा मागं.

बिर्याणी आणि डोशात समान काय? दोन्हींची घरी खटपट फार. डोशाला आदल्या दिवशी भिजवा-वाटा, बिर्याणीला कांदा तळा, मॅरिनेट करा, दम द्या. माणूस घरी करायला कंटाळतो तेच बाहेरून मागवतो. वरण-भात मागवणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय, आजारी पडलेला एकटा बॅचलर सोडून.

खाण्याच्या वेळा बदलल्यात का?

हो, आणि हा बदल चवीच्या बदलापेक्षा मोठा आहे.

मी राहतो त्या पुण्यातल्या वाकडच्या सोसायटीत गेटवर ये-जा लिहायची वही असते. रात्री साडेआठ ते दहा वॉचमन काकांना मान वर करायला फुरसत नसते. लाल-केशरी टीशर्ट, पाठीला चौकोनी पिशवी, फोन कानाला: ‘सर, बी विंग की डी विंग?’ दहानंतर जरा शांत, आणि साडेअकराला पुन्हा एक लाट. ही दुसरी लाट आमच्या लहानपणी नव्हतीच. तेव्हा चारचं खाणं असायचं, शेंगदाण्याचा लाडू नाहीतर फोडणीची पोळी, आणि रात्रीच्या जेवणानंतर थेट दात घासणं. आता अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्याला रात्री साडेअकराला चारची भूक लागते. चारचं खाणं तेच, घड्याळ तेवढं सरकलं.

ॲपवर तोच पदार्थ महाग का पडतो?

समजा हॉटेलात एक प्लेट २०० रुपयांना आहे. ॲपवर तिची किंमत २४० लावलेली असते. पॅकिंगचे १५, त्यावर पाच टक्के जीएसटी, डिलिव्हरीचे ३०, प्लॅटफॉर्म फी दहा-पंधरा (२०२३ मध्ये ही फी सुरू झाली तेव्हा दोन रुपये होती). बेरीज तीनशेच्या पुढं गेली. आता हॉटेलवाल्याच्या बाजूनं बघा. कमिशन हॉटेलगणिक वेगळं असतं, पण २५ टक्के धरलं तर २४० मधले ६० गेले. त्याच्या हातात पॅकिंग धरून १९५. तुम्ही तीनशेवर दिलेत, त्याला दोनशेही मिळाले नाहीत. किंमत चढवली म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

चालत जाता येण्यासारखं हॉटेल असेल तर फोन करून सांगा आणि पायात चपला घाला. त्यालाही बरं, तुम्हालाही.

दहा मिनिटांत येणारं खाणं ताजं असतं का?

बहुतेकदा अर्धवट तयार असतं. दहापैकी पाच-सहा मिनिटं रस्त्यातच जातात, मग उरलेल्या चारांत होऊन होऊन काय होणार? गरम करणं, तळणं, भरणं. पदार्थ आधीच कुठंतरी मोठ्या स्वयंपाकघरात निम्मा झालेला असतो. समोसा, पफ, कॉफी यांना ते चालून जातं. दहा मिनिटांत ‘दम’ बिर्याणी येते म्हणतात तेव्हा दम कुणी कोंडला होता ते विचारावं.

तालुक्याच्या गावातही हे सगळं पोचलंय का?

पोचलंय, पण दुसऱ्या रूपात. तालुक्याचं फास्ट फूड म्हणजे चायनीजची गाडी. लाल पडदा, त्यावर ड्रॅगन, मोठ्या आचेवरची कढई आणि कोबी कापणारा एक पोरगा. मंचुरियन हा पदार्थ नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईत बनवला असं सांगतात. चीनला त्याचा पत्ता नाही, पण आपल्याकडे यष्टी स्टँडच्या बाहेर तो सापडल्याशिवाय राहत नाही. त्याच्या शेजारी आता मोमो आणि शोरमा उभे राहिलेत. समोर अमृततुल्यची फ्रँचायझी. डॉमिनोजही जिल्ह्याच्या गावी आहेच, पण तिथं अजून वाढदिवसालाच जातात.

श्रावणात खरंच धंदा पडतो?

चिकन विकणाऱ्यांचा पडतो. मोठ्या साखळ्यांचे अधिकारी तिमाही निकाल समजावताना श्रावण आणि नवरात्र कधी आले याचा हिशेब देतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि श्रावण दोन महिन्यांचा झाला, तेव्हा तर विचारूच नका. अमेरिकेत बसलेल्या गुंतवणूकदाराला अधिक मास समजावून सांगणारा तो माणूस मला एकदा भेटायचाय.

वडापाव वाईट की बर्गर?

तळलेला बटाटा आणि मैदा दोन्हीकडे आहे, त्यामुळे रोज खाल्लं तर दोन्ही नडणार. पण एक फरक लोक विसरतात. समोर उकडलेला बटाटा, बेसन, मिरची-लसूण यांचा तळून काढलेला वडा ‘जंक’ म्हणा हवं तर, पण तो अतिप्रक्रियायुक्त नव्हे. ती वेगळी जात आहे. कारखान्यात घडवलेलं, घरच्या फडताळात न सापडणाऱ्या स्टार्च, रंग, वास, टिकाऊपणाच्या द्रव्यांनी भरलेलं पाकीट म्हणजे अतिप्रक्रियायुक्त. अशा मालाची भारतातली विक्री २००६ मधल्या ९० कोटी डॉलरवरून २०१९ मध्ये ३,७९० कोटी डॉलरवर गेल्याचं २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत नोंदवलंय. मला गाडीपेक्षा या आकड्याची जास्त धास्ती वाटते, कारण गाडी रात्री बंद होते, घरातला पुडा नाही.

वजनाचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात वजन जास्त असलेल्या स्त्रिया २०.६ टक्क्यांवरून २४ वर गेल्या, पुरुष १८.९ वरून २२.९ वर. त्याचा सगळा दोष फास्ट फूडवर टाकता येत नाही. बैठं काम, झोप, घरातली साखर हेही त्यात आहे.

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना पदार्थापुढं कॅलरी लिहिणं जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे. बोर्डावर बारीक अक्षरात असतं, बघत जा. कोकचा मोठा ग्लास जोडीला घेतला की आकडा कुठं जातो ते कळेल.

गाडीवरचं तेल किती वेळा वापरलेलं असतं, कसं ओळखायचं?

कायद्यानं तळणाच्या तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात तयार होणारी द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं, जुलै २०१८ पासून. मोजायला यंत्र लागतं, ते आपल्या खिशात नसतं. डोळ्यांनी एवढं बघा: तेल काळपट आणि घट्ट दिसतंय का, घाणा सोडला की कडेला फेस चढतोय आणि तो बसत नाहीये का, धूर लवकर येतोय का. तिन्हीला हो असेल तर पुढची गाडी गाठा. वर्तमानपत्रात बांधून देत असेल तर ‘साधा कागद द्या’ म्हणा. छपाईची शाई पोटात जाते म्हणून त्यावर मनाई आहे. वड्याखाली कोड्याचा रकाना वाचायची सवय असणाऱ्यांना वाईट वाटेल, पण इलाज नाही.

मुलं डब्यात पोळीभाजी नेतच नाहीत. काय करायचं?

महाराष्ट्र सरकारनं मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करायचा आदेश काढला. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत असं खाणं विकू नये असा नियम केंद्रानं २०२० मध्ये काढला. एक्कावन्नाव्या मीटरवर काय असतं ते सगळ्यांनाच माहीत आहे.

डब्याचं म्हणाल तर आमच्याकडे एक गोष्ट चालली. भाजी तीच, पोळीला तूप-चटणी लावून तिची घट्ट गुंडाळी केली, कागदात बांधली आणि तिला ‘रोल’ म्हटलं. डबा रिकामा यायला लागला. आठवड्यानं चिरंजीवांच्या लक्षात आलं. तोवर सवय लागली होती.

पाव महागणार का?

मुंबईत ताण आहे. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून स्वच्छ इंधनाकडे जायला मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. हवेसाठी हे योग्यच, पण जुन्या इराणी आणि उत्तर भारतीय बेकरीवाल्यांना भट्टी बदलणं म्हणजे नवा धंदा टाकण्यासारखं. लादी महागली की वडापाव महागतो. त्यात खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त आयात करतो, म्हणजे मलेशिया-इंडोनेशियात काय चाललंय ते नाक्यावरच्या पाटीवर दिसतं.

शेवटी तेच: फ्रँचायझी घेऊ का?

घ्या किंवा घेऊ नका, पण कंपनीच्या चकचकीत पुस्तकातली ‘एकूण वाढ’ बघून नका. जुन्या, दोन-तीन वर्षं झालेल्या दुकानांचा गल्ला मागा. रॉयल्टी, कच्चा माल त्यांच्याकडूनच घ्यायची अट, ॲपचं कमिशन कोण सोसणार आणि भाड्याची दरवर्षीची वाढ, एवढं कागदावर लिहून काढा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर गाडीलाही लागतो, तुम्हालाही लागेल.

मग त्यांच्याच एखाद्या चालू दुकानासमोर जाऊन बसा. शनिवारी संध्याकाळी नको, तेव्हा सगळेच चालतात. श्रावणातला पावसाळी मंगळवार निवडा, दुपारी तीन ते पाच. आत गेलेली माणसं एका वहीत मोजा, दाराशी थांबलेले पार्सलवाले दुसऱ्या पानावर. आणि चहा प्यायला त्या दुकानात जाऊ नका, शेजारच्या टपरीवर प्या. खरा गल्ला किती होतो ते टपरीवाल्याला माहीत असतं.